संबंध नसल्याचं प्रतिज्ञापत्र

नांदेड, ५ ऑगस्ट

श्रीशैल,

उमाशंकर वकिलांनी बजावलंय, लातूरला फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, कुणाच्या हाती निरोपसुद्धा द्यायचा नाही. "वहिनी, तुम्ही साहेबांना नुसतं 'कसे आहात' विचारलं तरी विभाग त्याला संगनमत म्हणणार." चार वर्षं आपण एकमेकांना हे विचारलं नाही, तेव्हा कुणाची मनाई नव्हती. आज मनाई झाली आणि सकाळपासून मला तेवढंच विचारावंसं वाटतंय.

म्हणून हे कागदावर लिहितेय. पोस्टात टाकणार नाही.

नोटीस तुम्हालाही आली असेलच. किनवटकडच्या मुलामुलींच्या वसतिगृहांना गादी, उशी, चादर आणि रजईचे संच पुरवायची निविदा मी इथून माझ्या शिलाई उद्योगाच्या नावाने भरली. तुम्ही लातूरहून तुमच्या फर्मच्या नावाने भरलीत. तुम्ही सरकारी पुरवठ्यात परत उतरलात हे मला माहीत नव्हतं, आणि बंद लिफाफ्यात कोण काय भरतंय हे तुम्हाला तरी कुठून कळणार? पण दोघांनीही त्या छापील हमीपत्रावर सही केली, की या निविदेत माझा कोणी जवळचा नातलग उतरलेला नाही. तपासणीत निघालं की एक फर्म नवऱ्याची आहे आणि दुसरी बायकोची. आता दोघांनाही विचारलंय, तुम्हाला तीन वर्षं काळ्या यादीत का टाकू नये, याची कारणं दाखवा.

लिफाफे उघडल्यावर सगळ्यांची नावं पोर्टलवर दिसतात. तेव्हा तरी का कळवलं नाही, असंही नोटिशीत आहे. त्या दिवशी कामाची गडबड होती, माझ्याकडून नीट बघायचं राहिलं.

वहिदाला नोटीस वाचून दाखवली. ती आता कटिंगला बसत नाही, सोळा बायांवर मुख्य आहे. चष्मा लागलाय तिला, आणि जीभ आहे तशीच आहे. म्हणाली, "भाभी, मियाँबीवी मिळून धंदा केला तरी गुन्हा, वेगळा केला तरी गुन्हा. सरकारला पाहिजे तरी काय?" मग म्हणाली, "तीन वर्षं म्हणजे कारखान्याला कुलूपच की." वसतिगृहांची कामं काढली तर आपल्याकडे लग्नाच्या गाद्या तेवढ्या उरतात, हे तिलाही माहीत आहे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. नोटिशीच्या दुसऱ्या पानावर पुरावा म्हणून एक वाक्य दिलंय. "प्रत्येक वसतिगृहामागे दोन संच जादा देण्यात येतील. ते मोजणीत धरू नयेत व कोणास दिले याची विचारणा करू नये." खाली शेरा आहे, की ही असाधारण शर्त दोन्ही निविदांत शब्दशः सारखी आढळून आली.

तुम्ही ते अजून लिहिता?

धंद्याच्या पहिल्या हिवाळ्यात माल पोचवायला आपण टेम्पोच्या मागोमाग मोटारसायकलवर किनवटच्या पुढे गेलो होतो. शाळेच्या कठड्यावर एकच ओली गादी वाळत घातली होती, आणि प्रार्थनेच्या रांगेत एक पोरगी कुणाकडेच बघत नव्हती. परतताना भोकरला चहाला थांबलो तेव्हा म्हणालात, "दोन गाद्या जास्तीच्या असल्या तर रातच्यालाच बदलता येईल. सकाळी कुणाला कळायचं न्हाई." वाक्य मी लिहिलं. शेवटची 'विचारणा करू नये' ही पुस्ती तुमची.

फर्म वेगळ्या झाल्या तेव्हा मशिनी वाटून घेतल्या, गिऱ्हाइकं वाटून घेतली. हे वाक्य वाटून घ्यायचं आपल्याला सुचलंच नाही. दोघांकडेही ते पूर्ण राहिलं. वकील म्हणतात, आपल्या विरोधातला सगळ्यात पक्का पुरावा हाच आहे.


नांदेड, ११ ऑगस्ट

आज उमाशंकरांकडे दोन तास बसून आले. त्यांनी वाट काढलीय.

नातं असलं म्हणजे हितसंबंध आलेच असं कायदा धरून चालतो. म्हणून नातं उरलेलंच नाही असं दाखवायचं. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल करायचा, त्याचा क्रमांक उत्तराला जोडायचा, आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं, की आमचा एकमेकांशी कौटुंबिक, आर्थिक वा अन्य कोणताही संबंध नाही. तुमच्या वकिलांशी त्यांचं बोलणंही झालंय. वकिलांनी एकमेकांशी बोललेलं चालतं.

"नुसता कागद आहे, वहिनी," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी कोर्ट परत बोलावतं. तवर हे प्रकरण मिटलेलं असेल. मग गेलाच नाहीत तर अर्ज आपोआप मरतो."

मी विचारलं, "आणि यांनी तिथं जाऊन 'हो' म्हटलं तर?"

"दोघांनी म्हणावं लागतं ना." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब तसं म्हणतील असं वाटतं का तुम्हाला?"

मला माहीत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अर्जात वेगळं राहण्याचं कारण लिहावं लागतं. त्यांनी पेन उघडलं. "भांडण लिहू?"

"भांडण नव्हतं."

"सासरचा जाच?"

"अहो, आईंनी मला लग्नात स्वतःच्या पाटल्या घातल्या."

"मग स्वभाव जुळत नाहीत असं टाकतो. ते सगळ्यांना चालतं."

खरं कारण कुणाला समजावून सांगावं असं नाहीच. आईंचं अर्धं अंग गेलं, तुम्ही लातूरला गेलात. मी म्हटलं, हातातली ऑर्डर संपली की येते. त्या ऑर्डरीमागून दुसरी आली. बाया कामाला लागलेल्या, बिलं अडकलेली, दर महिन्याला पुढचा महिना. मग एकदा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता नको येऊस. तुझं चालू दे तिकडं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी रात्रीच्या एसटीने आले असते. मला वाटलं, तुम्हाला मी तिथं नकोय. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही, तुम्हीही परत बोलला नाहीत. आपल्यात मूल असतं तर त्याच्या शाळेच्या, तापाच्या निमित्ताने तरी बोलणं झालं असतं. निमित्तंही बंद झाली.

वकिलांनी कच्चा मसुदा दिलाय. घरी आणून उशाशी ठेवलाय. वाचायचं धाडस नाही.


२३ ऑगस्ट

लातूरहून पाकीट आलं, वकिलांमार्फत. अर्जावर तुमची सही आहे. सगळ्या पानांवर आहे.

मी ती बघत बसले. सही अगदी ठीकठाक, 'श्री'ला नेहमीसारखी लांब वेलांटी, खाली दोन रेघा. कुठं हात अडखळलेला दिसतोय का ते बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं. नाही दिसला.

वहिदा चहा घेऊन आली. माझ्या हातातला कागद बघून म्हणाली, "काय शोधून राहिलात, भाभी?"

"सही सुटायला केली की मला वाचवायला, ते."

"सहीवरून कसं कळंल? विचारा की."

"विचारायला मनाई आहे."

"हाव, आणि घटस्फोट घ्यायला मनाई न्हाई." तिनं कप ठेवला. "मी शिकलेली न्हाई. पण माझ्या मिस्टरला मी असा कागद धाडला असता ना, तो पयले लातूरहून चालत आला असता शिव्या द्यायला."

मला हसू आलं आणि लगेच दुसरंच काहीतरी झालं. तिनं दार लोटून घेतलं आणि बाहेर बायांना ओरडली, मशिनी का बंद पडल्या म्हणून. मशिनी चालू झाल्या. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

माझ्या सहीची जागा मोकळी आहे. उत्तराला आठवडा उरलाय.

आता खरं लिहिते, कारण हे कुणी वाचणार नाही. लिफाफे उघडल्याचा संदेश आला तेव्हा गडबड बिडबड काही नव्हती. पोर्टल उघडलं, आणि माझ्या फर्मच्या खालच्याच ओळीत तुमची फर्म होती, मालकाच्या नावासकट. मला नियम माहीत आहे. त्याच दिवशी विभागाला पत्र द्यायला हवं होतं, की हे माझे मिस्टर आहेत, एक निविदा बाद करा. मी पत्राचा कागद काढलाही होता. पण तसं केलं असतं तर एक ओळ पुसली गेली असती. लग्नपत्रिकेनंतर आपली नावं अशी एकाखाली एक छापलेली मी बघितली नव्हती. मी ती स्क्रीन तशीच ठेवली. रोज उघडून बघायचे. इतका साधा, इतका वेडा गुन्हा आहे माझा. आणि तो मी वकिलांनाही सांगू शकत नाही.


१ सप्टेंबर

आज महालक्ष्म्या जेवल्या.

इथं मी एकटी उभ्या करत नाही, सोळा भाज्या कुणासाठी करायच्या? वहिदानं हरभऱ्याची डाळ आणून दिली, "तुमचं काय असतं ते करा थोडं," म्हणून. पुरण केलं वाटीभर.

लातूरला आता पडवीत आरास असेल. आईंना खुर्चीत बसवून समोर नेलं असेल तुम्ही. धाकटीच्या पदराच्या निऱ्या तुम्हाला नीट जमत नाहीत, त्या एका बाजूला उतरतात. मी दरवर्षी मागून सारख्या करायचे आणि तुम्ही म्हणायचात, "देवाला चालतंय, तुलाच चालत न्हाई."

या वर्षी कशा नेसवल्यात?


१० सप्टेंबर

सुनावणी झाली. तुम्ही होतातच, तरी लिहिते. तुमच्या खुर्चीवरून कसं दिसलं ते मला माहीत नाही, माझ्या खुर्चीवरून दिसलं ते असं.

बाहेरच्या बाकावर तुम्ही एका टोकाला, मी एका टोकाला, मधे दोन वकील आणि त्यांच्या फायली. तुम्ही बारीक झालात. शर्ट इस्त्रीचा होता पण कॉलर मागून दुमडलेली होती. माझा हात तीनदा मांडीवरून उचलला आणि परत ठेवला.

उत्तर उमाशंकरांनी मुदतीत दिलं होतं, प्रतिज्ञापत्र आणि सह्या झालेला अर्ज सुनावणीच्या दिवशी देऊ असं लिहून. सकाळी ते मला म्हणाले, "वहिनी, सही?" मी म्हटलं, पर्समध्ये आहे. कागद पर्समध्ये होता. सही केलेली नव्हती.

आत सुनावणी घेणाऱ्या मॅडम होत्या, आपल्याच वयाच्या. शेजारी टाइप करायला एक गृहस्थ. मॅडमनी आधी तुम्हाला विचारलं, या दुसऱ्या फर्मशी तुमचा काय संबंध? तुम्ही टेबलाकडे बघून म्हणालात, "चार वर्षांपासून वेगळे राहतो, मॅडम. अर्ज केलाय." शिकवलेलं बोलत होतात. तुम्हाला पाठांतर कधी जमलं नाही, सत्यनारायणाच्या संकल्पातसुद्धा अडकता.

मग मला. "अर्जाचा क्रमांक?"

"क्रमांक नाही. माझी सही झालेली नाही."

उमाशंकर खोकले. तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत.

"मग यांच्या तुम्ही कोण?"

सगळ्या बाया माझ्या डोळ्यांपुढे आल्या, एकेक करून. वहिदाही. पण मला दुसरं उत्तर येतच नव्हतं. मी म्हटलं, "बायको."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. जादा संचांच्या अटीबद्दल विचारलं. मी त्या वाळत घातलेल्या गादीचं सांगितलं. त्यांनी अट पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "दर ठरवून भरलेत असं दिसत नाही. पण नावं उघड झाल्यावर कळवणं तुमचं कर्तव्य होतं. तुम्ही पोर्टल त्यानंतर रोज उघडलंय, इथं नोंद आहे. का नाही कळवलं?"

उमाशंकर उठत होते. मी त्यांना हातानं थांबवलं.

"दोन नावं एकाखाली एक होती, मॅडम. कळवलं असतं तर एक काढलं असतं. मला ती तशीच राहू द्यायची होती."

टाइप करणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली. "हे घेऊ का, मॅडम?"

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. "घ्या," म्हणाल्या. "'नजरचुकीने कळवायचे राहून गेले' असं घ्या."

बाहेर आल्यावर उमाशंकर म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला नावेत बसवून काठाला आणलं, तुम्ही तिथून उडी मारली." ते रागावलेले होते, पण माझी पर्स खाली राहिली होती ती त्यांनीच उचलून दिली.

तुम्ही जिन्यापाशी उभे होतात. वकील तुमचा दंड धरून खाली न्यायला बघत होते. चार वर्षांनी तुम्ही मला विचारलंत, "जेवलीस का?"

मी "हाव" म्हटलं. खोटं. सकाळपासून पाणीसुद्धा उतरलं नव्हतं. मॅडमसमोर सगळं खरं बोलले आणि तुम्हाला खोटं सांगितलं, कारण 'नाही' म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असतात, आणि थांबलात तर मला तिथंच, त्या जिन्यात, सगळ्यांदेखत रडू आलं असतं. तुम्ही मान हलवून खाली गेलात. मी कठड्यावरून बघत राहिले. गेटपाशी तुम्ही स्वतःच मागे हात नेऊन कॉलर सारखी केलीत.


नांदेड, ६ ऑक्टोबर

श्रीशैल,

हे पाकीट रजिस्टर्ड पोस्टानं पाठवतेय. आधीची पत्रंही सोबत ठेवलीत, तारखेनुसार. वाचायला वेळ लागेल, आईंना औषध देऊन झाल्यावर वाचा.

निकाल तुमच्याकडेही आला असेल. दोन्ही निविदा बाद, दोघांची अनामत जप्त, आणि या विभागात एक वर्ष निविदा भरायला बंदी. काळ्या यादीत टाकलं नाही. कारण असं दिलंय की संगनमत सिद्ध होत नाही, आणि नातं असल्याचं पुरवठादारांनी सुनावणीत स्वतःहून मान्य केलं. 'पुरवठादारांनी' असं अनेकवचन आहे. तुम्ही माझ्यानंतर लेखी काही दिलंत का? उमाशंकर सांगत नाहीत, नुसते हसतात. ते म्हणतात, एक वर्ष म्हणजे स्वस्तात सुटलात.

स्वस्तात म्हणजे सगळ्यांना नाही. चार जणींना मला थांबवावं लागलं. त्यातली एक, देगलूरची, जाताना स्वतःची कात्री मागून घेऊन गेली. वहिदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माहूरहून एक लॉजवाले बसवंत म्हणून आले, दर्शनाला येणाऱ्यांच्या खोल्यांसाठी गाद्या पाहिजेत म्हणून. तिनेच शोधून आणले होते. त्यांच्यासमोर मला म्हणाली, "आमच्या भाभी सरकारला खरं बोलतात, तुम्हाला तर बोलतीलच. भाव करू नका." त्यांनी भाव केलाच. पण काम मिळालं. बाकीच्या बारा जणींचं दिवाळीपर्यंत चालेल, पुढचं माहीत नाही. मी निवडलेल्या त्या एका शब्दाची किंमत त्या चौघींनी भरली. त्यांना परत बोलवायचंय मला. कसं, ते अजून सुचत नाही.

आता तुमच्या सहीच्या अर्जाबद्दल. तो माझ्याकडेच आहे. उमाशंकर म्हणाले, आता याचा काही उपयोग नाही, फाडून टाका. मी प्रयत्न केला. तुमचं नाव आहे त्यावर, मला फाडवत नाही. पाकिटात घालून परत पाठवावा असंही वाटत नाही, वकिलांच्या हातून आलेला कागद परत वकिलांसारखाच पाठवायचा म्हणजे काय.

तुम्ही सही सुटायला केलीत की मला वाचवायला, हे मला अजून माहीत नाही. जिन्यातल्या त्या दोन शब्दांवरून मी काही धरून चालणार नाही. मागे एकदा तुमच्या एका वाक्याचा अर्थ मी माझा मीच लावला होता, त्यात चार वर्षं गेली.

म्हणून तुम्ही या. अर्ज फाडायचा असेल तर तुमच्या हातानं फाडा. आणि मनात खरंच तसं असेल तर समोर बसून सांगा, मी सही करीन, त्याच दिवशी, कारण न विचारता. फक्त तोंडानं सांगा.

आईंना एक दिवस शेजारी कुणीतरी बघेल का? नाहीतर मी तिकडे येते. या वेळी कुठली ऑर्डर संपायची वाट बघत नाही. तुम्ही यायचं म्हणालात तर बुधवारी या, कारखाना बंद असतो. एसटी स्टँडवर मी घ्यायला येईन. बाहेर, उसाच्या रसाच्या दुकानापाशी, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी उभी राहीन. आता आपल्याला कुणी एकत्र बघितलं तरी त्याचा पुरावा होत नाही.

मनस्विनी